दहा वर्षांचा वायदा

स्वतंत्र झालेल्या राष्ट्राची परीक्षा त्याच्या घोषणांवरून करावयाची नसते. त्यानें कोणतें देणें आधीं फेडलें आणि कोणतें लांबणीवर टाकलें, यावरून ती करावयाची असते. भारताच्या राज्यघटनेंत राज्याला वाट दाखविणारीं जीं तत्त्वें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं एकालाच मूळ घटनेंत मुदत घातलेली होती. तें तत्त्व ४५ व्या कलमाचें. घटना अंमलांत आल्यापासून दहा वर्षांच्या आंत, वयाचीं चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत, सर्व बालकांना मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील, असें तें कलम सांगत होतें. ही मुदत १९६० च्या जानेवारींत संपली. प्रत्यक्ष हक्क कायद्यानें हातीं पडावयास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. दहा वर्षांच्या वायद्याला साठ वर्षें लागलीं, आणि इतक्या उशिरां मिळालें तेंही पुरें नव्हे. या विलंबाचें खापर देशाच्या दारिद्र्यावर फोडून मोकळें होण्याची जी रीत सुशिक्षित समाजांत रूढ झाली आहे, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. हें देणें थकलें तें पैशाच्या अभावीं नव्हे. ज्यांनीं तें फेडावयाचें होतें त्यांचीं मुलें त्या शाळांत बसत नव्हतीं, म्हणून तें थकलें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें सप्रमाण मांडण्यासाठींच हा लेख.

हा वायदा १९५० सालीं एकाएकीं सुचलेला नव्हता. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें सादर केलेल्या निवेदनांत या प्रश्नाचा जमाखर्चच मांडला होता. सरकारचा वसूल कष्टकरी रयतेच्या घामांतून यावयाचा आणि तो खर्च व्हावयाचा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा व्यवहार त्यांनीं उघडा पाडला आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी केली. वरच्या थरांत विद्या ओतली म्हणजे ती आपोआप खालीं झिरपेल, ही समजूत त्या काळीं राज्यकर्त्यांना सोयीची होती. ज्याच्या शेतांत पाणी कधीं पोहोंचलेंच नाहीं, त्याच्या बाजूनें बोलणाऱ्या फुल्यांना ती पटण्याचें कारण नव्हतें. पुढें सयाजीराव गायकवाडांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ सालीं तो सबंध बडोदें संस्थानांत लागू केला. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत तीच वाट धरली. ब्रिटिश मुलुखांत मात्र नामदार गोखले यांच्या विधेयकाची काय वाट लागली तें सर्वश्रुत आहे. १९११ सालीं त्यांनीं मांडलेलें तें विधेयक किती मवाळ होतें! सक्ती करावयाची ती ज्या नगरपालिकेला वा लोकल बोर्डाला हवी असेल तिनें. तीही सरकारच्या मंजुरीनें. आणि तीही प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. तरीही १९१२ सालीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. त्या वेळचे आक्षेप वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावे: तिजोरींत पैसा नाहीं, अजून वेळ आलेली नाहीं, आणि लोकांनाच शाळा नको आहे. परकी सरकार गेलें. हे तीन आक्षेप मात्र येथेंच राहिले, आणि स्वकीयांच्या तोंडीं ते अधिक गोड वाटूं लागले.

घटनासमितींत काय झालें तेंही पाहण्याजोगें आहे. मसुद्यांतील मूळ कलमाचा आरंभ, प्रत्येक नागरिकास मोफत प्राथमिक शिक्षण मिळण्याचा हक्क आहे, अशा अर्थाच्या शब्दांनीं होत होता. २३ नोव्हेंबर १९४८ रोजीं पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांच्या सूचनेवरून हे शब्द गाळण्यांत आले. हें कलम न्यायालयांत दाद मागण्याजोग्या हक्कांचें नव्हे, केवळ मार्गदर्शक तत्त्वांचें आहे, तेव्हां हक्काची भाषा येथें शोभत नाहीं, असें त्यामागील कारण. तर्क निर्दोष होता. परंतु हक्क गेला आणि प्रयत्न उरला. त्याच दिवशीं दुसरी एक सूचना आली होती, कीं नुसतें 'शिक्षण' न म्हणतां 'प्राथमिक शिक्षण' म्हणावें. ती मात्र डॉ. आंबेडकरांनीं मानली नाहीं. चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यांत राबविण्याची मनाई घटनेंतच केलेली आहे. तेव्हां त्या वयापर्यंत मूल कामावर नसेल तर तें शाळेंत असलें पाहिजे, असें त्यांचें उत्तर होतें. या उत्तरांत सगळ्या प्रश्नाचें मर्म आहे. मुलाला कामावरून सोडवावयाचें तर त्याला बसावयास जागा दिली पाहिजे. आणि जागा द्यावयाची तर ती चौथीपर्यंतची नव्हे, चौदाव्या वर्षापर्यंतची दिली पाहिजे.

आतां पैशाच्या सबबीकडे वळूं. युद्धोत्तर शिक्षणविकासाची जी योजना १९४४ सालीं सार्जंट यांच्या नांवानें प्रसिद्ध झाली, तिनें सार्वत्रिक शिक्षणाला चाळीस वर्षें मागितलीं होतीं. त्यावर देशांत टीकेची झोड उठली, आणि ती योग्यच होती. मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें हें काम सोळा वर्षांत करतां येईल, असें सांगितलें. खर्चाचा विचार करण्यासाठीं १९४८ सालीं नेमलेल्या समितीचे अध्यक्षही खेरच होते. मध्यवर्ती सरकारनें आपल्या उत्पन्नाचा शेंकडा १० आणि प्रांतांनीं शेंकडा २० भाग शिक्षणाकडे लावावा, अशी शिफारस त्या समितीनें केली. म्हणजे पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, असें नाहीं. विचारला होता, आणि उत्तरही मिळालें होतें.

उत्तर मिळाल्यावर काय केलें? पहिल्या पंचवार्षिक योजनेंत शिक्षणासाठीं काढलेल्या रकमेपैकीं निम्म्याहून अधिक, सुमारें शेंकडा ५६, प्राथमिक शिक्षणाच्या वांट्याला आली. १९५६ सालीं दुसरी योजना सुरू झाली, तेव्हां घटनेची मुदत संपावयास चारच वर्षें उरलीं होतीं. कोणताही शहाणा ऋणको अशा वेळीं हप्ता वाढवितो. येथें तो कमी झाला: प्राथमिक शिक्षणाचा वांटा शेंकडा ३५ च्या आसपास उतरला आणि विद्यापीठीय शिक्षणाचा वांटा जवळजवळ दुप्पट झाला. शिक्षणावरील एकंदर रक्कम या काळांत वाढलेली होती, हें विसरून चालणार नाहीं. ताटांत वाढावयास अन्न कमी होतें म्हणून धाकट्या भावंडाला उपाशी ठेवलें, अशी ही गोष्ट नव्हे. अन्न वाढलें, पण थोरल्याच्या पानांत पडलें, अशी ही गोष्ट आहे. परिणाम ठरलेला होता. १९६०-६१ सालीं सहा ते अकरा वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ६२ च्या सुमारास शाळेच्या पटावर होतीं, आणि अकरा ते चौदा वयाच्या मुलांपैकीं शेंकडा २३ देखील नव्हतीं. पटावरचीं तरी टिकत होतीं काय? पहिलींत बसलेल्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक पांचवी गाठण्यापूर्वींच गळून जात.

यावर असें उत्तर देण्यांत येतें, कीं नव्या राष्ट्राला धरणें बांधावयाचीं होतीं, पोलादाचे कारखाने उभारावयाचे होते. त्यासाठीं इंजिनीअर हवे होते, डॉक्टर हवे होते. १९५१ सालीं खरगपूर येथें पहिली तंत्रविज्ञान संस्था निघाली आणि १९६१ पर्यंत मुंबई, मद्रास, कानपूर व दिल्ली धरून अशा पांच संस्था उभ्या राहिल्या, हें देशाचें भूषणच होय. आम्ही त्यांचा द्वेष करीत नाहीं. कळस सोन्याचा असावा, याला कोण नाहीं म्हणेल? परंतु ज्या देशांत १९५१ च्या शिरगणतीप्रमाणें शंभरांत अठराच माणसें साक्षर होतीं आणि स्त्रियांपैकीं नऊ देखील नव्हत्या, तेथें इंजिनीअर निवडावयाचे ते तरी किती लहान ओंजळींतून निवडावे लागत होते! अक्षरांपर्यंत जें मूल पोहोंचलेंच नाहीं, त्याच्या बुद्धीची किंमत कोणी कधीं केली? उच्च शिक्षणाच्या कैवाऱ्यांनींच सर्वांत मोठ्यानें प्राथमिक शाळेची मागणी करावयास हवी होती. त्यांनीं ती केली नाहीं, कारण आपल्या घरांतील मुलांसाठीं तेवढी ओंजळ पुरेशी आहे, हें त्यांना ठाऊक होतें.

दुसऱ्या देशांचे दाखले दिले कीं ते देश श्रीमंत होते, असें म्हणतात. सिंहलद्वीप तर शेजारींच आहे. तेथें कन्नंगर यांच्या पुढाकारानें १९४५ सालीं, म्हणजे स्वातंत्र्याच्या तीन वर्षें आधीं, बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत झालें. चहाच्या मळ्यांचा पैसा तेथें होता, हें खरें. परंतु तागाचा, कापसाचा आणि चहाचा पैसा भारतांतही होता. आणि बडोद्याजवळ तर त्यांतलें कांहींच विशेष नव्हतें. एका संस्थानिकाला १९०६ सालीं जें झेपलें, तें सार्वभौम प्रजासत्ताकाला १९६० सालीं झेपेना, याचा अर्थ तिजोरींत शोधूं नये, इच्छेंत शोधावा.

तिसरा आक्षेप सर्वांत दुष्ट आहे: लोकांनाच शाळा नको होती. गरिबाला मुलाची मजुरी हवी असते, तो गुरामागें पाठवितो, मुलीला धाकट्या भावंडाला सांभाळावयास ठेवतो. त्याला सरकार काय करणार? सरकार काय करूं शकलें असतें, तें ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन स्त्रियांनीं दाखवून दिलें. १९४५ सालीं बोर्डी येथें आणि पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनीं आदिवासी मुलांत काम केलें. मुलें शाळेंत येईनात तर त्यांनीं शाळा अंगणांत नेली. मुलें गुरें घेऊन कुरणांत गेलीं तर शाळा कुरणांत नेली. थोरल्या बहिणीच्या कडेवर भावंड होतें, तर त्या भावंडालाही शाळेंत जागा दिली. हें सर्व करावयास त्यांना परदेशची मदत लागली नाहीं, चिकाटी लागली. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली ती कोणाच्या बळावर? ज्याला शाळा नको होती, असें म्हणतात, त्याच रयतेनें मूठ मूठ धान्य देऊन ती चालविली. लोकांना शाळा नको, असें म्हणणाऱ्यानें एकदां तरी आपल्या शाळेचें छप्पर त्या लोकांच्या पावसाळ्यांत जाऊन पाहावें.

१९६४ सालीं डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण आयोग नेमला गेला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यांतले. आयोगानें १९६६ सालीं अहवाल दिला, त्यांतील दोन गोष्टींचा पुढें अखंड जप झाला. त्यांतही एकीचा अधिक. ती म्हणजे १९८५-८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा ६ भाग शिक्षणावर खर्च व्हावा. १९६८ च्या धोरणानें हा आंकडा उचलला, १९८६ च्या धोरणानें उचलला आणि २० सालच्या धोरणानेंही उचलला. त्या आंकड्यापर्यंत खर्च मात्र एकदांही पोहोंचला नाहीं. परंतु आमच्या मतें दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती. गरिबाचें आणि श्रीमंताचें मूल एकाच वस्तींत राहतें, तर तें एकाच शाळेंत बसलें पाहिजे. प्राथमिक शाळा ही त्या त्या परिसराची सामायिक शाळा असली पाहिजे, असें आयोगानें सांगितलें. हें सांगण्यांत भाबडेपणा नव्हता, व्यवहार होता. ज्या शाळेंत मामलेदाराचें, डॉक्टरचें आणि वकिलाचें मूल बसतें, तिचा फळा फुटका राहत नाहीं. तेथें शिक्षक दोन महिने आला नाहीं, तर तिसऱ्या महिन्यांत चौकशी होते. श्रीमंताचें मूल तेथें बसविणें ही गरिबावर केलेली मेहेरबानी नव्हे. शाळा जिवंत ठेवण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

शिफारस दोनदां मान्य झाली: १९६८ सालीं, आणि पुन्हां १९८६ सालीं. आणि मान्य करणाऱ्या राज्यानें काय केलें? बदलीच्या नोकरींतील सरकारी सेवकांच्या मुलांसाठीं १९६३ पासून केंद्रीय शाळा निघाल्याच होत्या. १९८६ नंतर हुशार ग्रामीण मुलें वेंचून नेणारीं नवोदय विद्यालयें जिल्ह्याजिल्ह्यांत निघालीं. प्रत्येकीचें समर्थन स्वतंत्रपणें करतां येईल. पण एकत्र पाहिलें म्हणजे अर्थ उघड होतो. जेथें जेथें सामान्य शाळा नीट करण्याचा प्रश्न आला, तेथें तेथें ती नीट करण्याऐवजीं तिच्यांतून कांहीं मुलांना बाहेर काढण्याची सोय करण्यांत आली. मोडक्या पुलावरून ज्यांचा आवाज मोठा त्यांना होडीनें पलीकडे नेलें, आणि मग पूल दुरुस्त करा म्हणणारा कोणी उरला नाहीं.

मुदतवाढींचा इतिहास थोडक्यांतच सांगतों, कारण तो कंटाळवाणा आहे. १९६० ची तारीख गेली. १९८६ च्या धोरणानें १९९५ ही घातली. तीही साधत नाहीं असें दिसल्यावर १९९२ सालीं एकविसाव्या शतकाच्या आंत असें म्हटलें. मग २०१० आलें. १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उन्नीकृष्णन खटल्यांत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे, असें सांगितल्यावर राज्याची झोंप मोडली. २००२ सालीं ८६ वी घटनादुरुस्ती झाली, पण तिनें हक्क दिला तो सहा ते चौदा वयालाच. न्यायालयानें दिलेलीं पहिलीं सहा वर्षें तिनें हलक्या हातानें काढून घेतलीं, आणि जें उरलें तें अंमलांत आणावयास आणखी आठ वर्षें घेतलीं. २०२० च्या धोरणानें तीन वर्षांपासूनच्या बालशिक्षणाचें महत्त्व नव्यानें वर्णिलें आहे; जें कोसबाडला ठाऊक होतें तें दिल्लीला कळावयास इतकीं वर्षें लागलीं, तरी कळलें हें बरें झालें. परंतु प्रत्येक मुलाला लिहितां, वाचतां व हिशेब करतां येण्यासाठीं त्याच धोरणानें घातलेली २०२५ ची मुदत दुसऱ्याच वर्षीं २०२६-२७ वर ढकलण्यांत आली. उधारीची संवय जुनी असली म्हणजे तारीख लिहिणाऱ्याचा हात थरथरत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, आज जवळजवळ प्रत्येक मुलाचें नांव पटावर आहे. जुनीं मढीं उकरून काय साधणार? साधणार तें हें, कीं ज्या कारणानें पहिला वायदा बुडाला तें कारण आजही जागच्या जागीं आहे, किंबहुना अधिक बळावलें आहे. गांवोगांव जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरून पिवळ्या गाड्या जातात, आणि ज्याला म्हणून फी परवडते तो आपलें मूल तींत बसवितो. मागें राहतात तीं अशांचीं मुलें, ज्यांच्या तक्रारीला कोणी दाद देत नाहीं. शिक्षकांची भरती खोळंबली तर कोणाचा दरवाजा ठोठावावयाचा, हें त्यांना ठाऊक नसतें. २००० सालीं महाराष्ट्रांत शिक्षणसेवक ही नवी जात निर्माण झाली आणि राष्ट्राचा पाया घालणाऱ्याला प्रारंभीं दरमहा ३००० रुपये मानधन ठरलें, तेव्हां सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत त्याची चर्चाही झाली नाहीं. त्यांच्या मुलांचे शिक्षक निराळे होते.

शिक्षण हक्क कायद्यानें खासगी शाळांतील शेंकडा २५ जागा दुर्बल घटकांतील मुलांना दिल्या. सामायिक शाळेच्या थोर कल्पनेची ही एक चतकोर भाकरी. तीही डोळ्यांत खुपली. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें नियम बदलला, कीं ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा आहे, तिला या जागा देण्याचें बंधन राहूं नये. १९ जुलै २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तो बदल घटनाबाह्य ठरवून रद्द केला, म्हणून भाकरी वांचली. एक किलोमीटरवर सरकारी शाळा आहे ना, मग गरिबाचें मूल तेथें जाईल, असा हा युक्तिवाद. मग आमचा प्रश्न असा आहे, कीं श्रीमंताचें मूल त्याच एक किलोमीटरवर कां जात नाहीं? दुसऱ्या बाजूनें, वीसपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ पासून बोलला जातो. पट कमी झाला तो मुलें कमी झालीं म्हणूनच नव्हे, ज्यांना शक्य होतें तीं निघून गेलीं म्हणूनही. आधीं शाळेंतून माणसें काढावयाचीं आणि मग शाळेंत माणसें नाहींत म्हणून तिला कुलूप लावावयाचें, हा न्याय अजब खरा! वाडीवरची सहा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून समूहशाळेंत जाणार नाहीं. ती घरीं राहील.

शेवटचा आक्षेप स्वातंत्र्याचा. आपलें मूल कोठें घालावें हें आईबापांनीं ठरवावें. सरकारनें त्यांत पडूं नये. हें तत्त्व आम्ही अमान्य करीत नाहीं. पण निवड करण्याचें स्वातंत्र्य ज्याला पैसा आहे त्यालाच असेल, तर त्याला स्वातंत्र्य म्हणत नाहींत, मक्ता म्हणतात. आणि कोणाच्या मुलाला हात धरून ओढून आणा, असें आमचें म्हणणेंही नाहीं. आमची मागणी साधी आहे. जो सार्वजनिक तिजोरींतून वेतन घेतो, जो शिक्षणाचीं धोरणें आंखतो, जो शिक्षणमंत्री म्हणून मिरवितो, त्यानें आपल्या मुलाचें नांव आपल्या परिसरांतील सार्वजनिक शाळेच्या पटावर घालावें. मग शेंकडा ६ चा आंकडा कसा गाठावयाचा, भरती कशी करावयाची, छप्पर कधीं शाकारावयाचें, हें सांगण्यासाठीं नवा आयोग नेमावा लागणार नाहीं.

सुशिक्षित कुटुंबांना आमचें सांगणें एवढेंच आहे, कीं पुढील धोरण जेव्हां येईल, आणि तें येईलच, तेव्हां त्याचीं शेंकडों पानें वाचण्याच्या खटाटोपांत पडूं नका. इयत्तांचे आंकडे कसे जुळविले आहेत, भाषांचीं सूत्रें किती आहेत, याचा काथ्याकूट मागून करतां येईल. आधीं एवढेंच विचारा: ज्यानें हें लिहिलें, त्याचें मूल या शाळेंत बसणार आहे काय? उत्तर नाहीं असें आलें, तर त्या कागदावर जी तारीख असेल तीही वायद्याचीच समजा. आणि हाच प्रश्न आपल्या घरींही एकदां विचारून पाहा. कारण राज्य जें टाळतें तें बहुधा ज्यांचा आवाज त्याला ऐकूं येतो, त्यांच्या मूक संमतीनेंच टाळतें.